विश्लेषण : जुन्या जीपसाठी टायर कसे निवडायचे? रुंद टायरचा मोह का टाळावा?

जुनी जीप हाती आली की पहिला मोठा खर्च बहुतेकदा टायरवर होतो आणि पहिली चूकही अनेकदा तिथेच होते. मडगार्डाबाहेर डोकावणारे रुंद, जाड खाचांचे टायर फोटोत रुबाबदार दिसतात. पण तेच टायर स्टिअरिंग जड करतात, पाट्यांना घासतात, ब्रेक कमकुवत करतात आणि वेळ आल्यास आरटीओसमोर अडचणीत आणतात. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या जीपला नेमके कोणते टायर योग्य, साइडवॉलवरील आकडे कसे वाचायचे आणि नियम काय सांगतात, याविषयी...

जुन्या जीपचा मूळ टायर कोणता?

दुसऱ्या महायुद्धातील ‘विलीस एमबी’ या जीपला ६.००-१६ आकाराचे टायर होते. यातील पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो, दुसरा रिमचा व्यास. म्हणजे सुमारे सहा इंच रुंदीचा टायर आणि १६ इंचाची डिस्क. त्यासाठीची रिम जेमतेम साडेचार इंच रुंद होती. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच महिंद्रने मुंबईत माझगावला विलीस जीपची जुळणी सुरू केली. १९५३ मध्ये विलीसने उंच बॉनेटची ‘सीजे-३बी’ आणली. तिचा साचा भारतात पुढे अनेक दशके टिकला. त्यामुळे गावोगावी आजही दिसणाऱ्या अनेक जुन्या जीपवर हाच अरुंद पण उंच टायर आढळतो.

आजच्या एसयूव्हीचे टायर पाहण्याची सवय झालेल्या डोळ्यांना हा टायर सायकलचा वाटतो. साहजिकच नवा मालक तो बदलायला निघतो. पण हा आकार काटकसर म्हणून निवडलेला नव्हता. सुमारे एक टन वजनाची गाडी, साठ-सत्तर अश्वशक्तीचे इंजिन, पॉवर स्टिअरिंग नाही आणि चारही चाकांना लहान ड्रम ब्रेक. या सगळ्याचे गणित त्या सहा इंचांभोवती बसवलेले होते. टायर बदलला की हे सगळे गणित हलते.

रुंद टायर लावल्यास नेमके काय बदलते?

मूळ ६.००-१६ टायरची एकूण उंची साधारण ७३० मिलिमीटर भरते. हौशी मंडळींत लोकप्रिय असलेल्या ३१ बाय १०.५० - १५ या टायरची उंची ३१ इंच, म्हणजे ७८७ मिलिमीटर. फरक ५७ मिलिमीटरचा. त्यातला निम्मा, म्हणजे तीन सेंटिमीटरपेक्षा थोडा कमी भाग गाडीच्या हौसिंगखालची जागा वाढवतो. दगडावरून जाताना तेवढा फायदा खरा आहे.

त्याची किंमत मात्र चार ठिकाणी मोजावी लागते. 

पहिली, स्पीडोमीटर. मोठे चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते. त्यामुळे काटा ६० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाने धावत असते. किलोमीटरची नोंदही त्याच प्रमाणात कमी होते.

दुसरी, ओढ. चाकाचा व्यास आठ टक्क्यांनी वाढला की रस्त्यावर मिळणारी ओढ सात-आठ टक्क्यांनी घटते. ताकदवान इंजिनाला हे जाणवणार नाही. पण साठ अश्वशक्तीच्या जीपला चढावर खालचा गिअर टाकावा लागतो.

तिसरी, ब्रेक. विलीस आणि सुरुवातीच्या सीजे जीपना ९ इंची ड्रम ब्रेक होते. ड्रम तेवढाच आणि चाक मोठे व जड झाले, की गाडी थांबवायला पायाचा जोर जास्त लागतो. सपाट रस्त्यावर हा फरक लक्षात येत नाही. घाट उतरताना ड्रम तापले की तो नेमका जाणवतो.

चौथी, स्टिअरिंग आणि बेअरिंग. रुंद टायरसाठी रुंद रिम लागते. ही रिम सहसा चाक बाहेरच्या बाजूला सरकवते. त्यामुळे किंगपिन आणि व्हील बेअरिंगवरचा ताण वाढतो, खड्ड्यात चाक गेले की स्टिअरिंगला हिसका बसतो. चाक आत ठेवावे, तर पूर्ण वळवताना टायर पुढच्या पाट्यांना घासतो. मग मेकॅनिक स्टिअरिंगचा स्टॉप बोल्ट बाहेर काढून चाकाचे वळणे कमी करतो. घासणे थांबते, पण अवघ्या ८० इंच व्हीलबेसची, जागच्या जागी वळणारी जीप आता दोनदा मागेपुढे करावी लागते.

मग अरुंद टायर चिखलात अडकत नाही का?

टायर आणि जमीन यांच्या स्पर्शाचे क्षेत्रफळ मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : चाकावरचे वजन आणि टायरमधील हवेचा दाब. दोन्ही सारखे असतील, तर अरुंद आणि रुंद टायरच्या स्पर्शाच्या क्षेत्रफळात वाटतो तेवढा फरक नसतो. फरक आकारात असतो. अरुंद टायरचा ठसा लांबट आणि चिंचोळा, तर रुंद टायरचा आखूड आणि पसरट.

महाराष्ट्रातील पावसाळी वाटांवर वरचा थर मऊ चिखलाचा आणि खाली मुरूम किंवा खडक, अशी स्थिती बऱ्याच ठिकाणी असते. लोणावळ्याहून राजमाचीकडे जाणारी वाट हे त्याचे परिचित उदाहरण. अशा जागी अरुंद टायर चिखल कापत खालच्या टणक थरापर्यंत पोहोचतो. रुंद टायरला तोच चिखल पुढे ढकलत न्यावा लागतो. ओल्या रस्त्यावर साचलेले पाणी कापण्यातही अरुंद टायर सरस ठरतो.

चित्र उलटते ते कोरड्या मऊ वाळूत. तिथे खाली टणक थर नसतो. टायरने वर तरंगत राहणे आवश्यक असते. तिथे रुंदी उपयोगी पडते, पण त्याहून सोपा उपाय म्हणजे हवा कमी करणे. हवा उतरवली की ठसा लांबतो आणि गाडी रुतण्याऐवजी वरून जाते.

काळ्या मातीचा प्रश्न वेगळाच. मराठवाडा, विदर्भ, सोलापूरकडची ओली काळी माती टायरच्या खाचांत भरून बसते आणि काही फेऱ्यांतच उत्तम नक्षीचा टायरही गुळगुळीत होतो. इथे रुंदीपेक्षा खाचांमधले अंतर महत्त्वाचे. खाचा मोकळ्या असतील तर चाक फिरताना माती आपोआप फेकली जाते.

नक्षी कोणती निवडावी?

बाजारात ढोबळमानाने चार प्रकार मिळतात. पहिला हायवे टायर : उभ्या रेषांची नक्षी, आवाज कमी, ओल्या डांबरावर पकड चांगली, चिखलात मात्र हतबल. दुसरा ऑल-टेरेन : मध्यम आकाराचे ठोकळे, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीकडे निभावून नेणारा. तिसरा मड-टेरेन : मोठे ठोकळे, मोकळ्या खाचा, चिखलात भक्कम. पण डांबरावर तो गुणगुणतो, लवकर झिजतो आणि ओल्या गुळगुळीत रस्त्यावर ब्रेक लावताना घसरू शकतो. कारण मोठ्या ठोकळ्यांत पाणी ओढून घेणाऱ्या बारीक चिरा कमी असतात.

चौथा प्रकार लष्करी जीपच्या फोटोंत दिसतो तो : दोन्ही बाजूंना जाड, आडवे ठोकळे असलेला नॉन-डायरेक्शनल टायर. पुढे जाताना आणि मागे येताना सारखीच पकड मिळावी, हा त्यामागील हेतू. विंटेज रॅली किंवा प्रदर्शनासाठी मूळ रूप जपायचे असेल तर याला पर्याय नाही. पण ही जुनी रचना आहे. पावसात, डांबरी घाटात तो वेगाने चालवण्याचा टायर नव्हे.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी एका प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यावे : वर्षभरात गाडी कुठे किती चालणार? शंभरपैकी नव्वद किलोमीटर डांबरावर आणि दहा शेतरस्त्यावर जाणार असतील, तर मड-टेरेनचा खर्च त्या दहा किलोमीटरसाठी आणि त्याचा धोका उरलेल्या नव्वदसाठी घेतला जातो. अशा बहुतेक मालकांना मूळ आकारातील किंवा त्याच्या जवळपासचा ऑल-टेरेन पुरेसा ठरतो.

नायलॉन की रेडियल?

दुकानदार ज्याला ‘नायलॉन टायर’ म्हणतात, त्यात धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत जातात. रेडियल टायरमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असतात आणि वर स्टीलचा पट्टा असतो. ६.००-१६ सारखे जुने आकार प्रामुख्याने नायलॉनमध्येच मिळतात. त्यांची साइडवॉल जाड असते. दगडाच्या धारेला ती बऱ्यापैकी दाद देत नाही. पण वेगात गाडी रस्त्याच्या लकेरींमागे भरकटते आणि बरेच दिवस उभी राहिल्यास टायरला एका जागी सपाटी येते. सकाळी पहिले काही किलोमीटर जीप थडथडते ती त्यामुळेच.

रेडियल सरळ धावतो, जास्त टिकतो, ओल्या रस्त्यावर चांगला धरतो. रेडियलच घ्यायचे असतील आणि १५ इंची डिस्क बसवलेली असेल, तर २३५/७५ आर १५ या आकाराची उंची साधारण ७३४ मिलिमीटर येते, म्हणजे मूळ टायरच्या अगदी जवळ. २१५/७५ आर १५ ची उंची ७०४ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे थोडी कमी. हे गणित कुणालाही करता येते. रुंदीला मधल्या आकड्याच्या टक्केवारीने गुणायचे, त्याची दुप्पट करायची आणि त्यात रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळवायचा. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. एका गाडीवर नायलॉन आणि रेडियलची सरमिसळ करू नये. या जीपमध्ये फोर बाय फोर टाकल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडला जातो. मध्ये डिफरेन्शियल नसतो. पुढच्या-मागच्या चाकांच्या घेरात फरक असेल, तर कोरड्या रस्त्यावर तो ताण गिअरवर साचत जातो. लिव्हर अडकतो, टायर अकारण झिजतात आणि शेवटी एखादा जॉइंट किंवा गिअर तुटतो. त्यामुळे चारही टायर एकाच आकाराचे, एकाच प्रकारचे आणि शक्यतो सारखेच झिजलेले हवेत. स्टेपनीलाही हाच नियम लागू.

ट्रॅक्टरचा टायर चालेल का?

ग्रामीण भागात सर्वाधिक गफलत इथे होते. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा एक प्रचलित आकारही ६.००-१६ हाच आहे. तो तालुक्याच्या गावात सहज मिळतो, रिमवर बरोबर बसतो आणि दिसायलाही दणकट असतो. पण तो जीपचा टायर नाही.

ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरवर दोन-तीन उंच उभ्या कडा असतात. त्या नांगरलेल्या मातीत दिशा धरण्यासाठी असतात, इंजिनाची ओढ जमिनीवर उतरवण्यासाठी नव्हे. साइडवॉलवर ‘एफ-२’ सारखी खूण आणि वेगाची ‘ए६’ किंवा ‘ए८’ अशी संज्ञा आढळते. ए६ म्हणजे कमाल ताशी ३० किलोमीटर, ए८ म्हणजे ४०. महामार्गावर साठच्या वेगाने सलग चालवल्यास असा टायर तापतो आणि फुटण्याची शक्यता वाढते. आकार जुळला म्हणजे टायर जुळला असे नाही. वेगाची संज्ञा आणि भारक्षमता दोन्ही वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

प्लाय रेटिंगबाबतही असाच गैरसमज आहे. ‘जास्त प्लाय, जास्त मजबूत’ हे मालवाहू गाडीसाठी ठीक. एक टनाच्या रिकाम्या जीपवर अतिकडक टायर दबतच नाही. परिणामी गाडी उसळते, पकड कमी होते आणि पाट्यांचे शॅकल बुश लवकर जातात.

ट्यूबलेस करता येईल का?

जुन्या १६ इंची रिम ट्यूबसाठी बनवलेल्या आहेत. ट्यूबलेस रिमच्या आतल्या कडेला टायर जागेवर धरून ठेवणारा छोटा उंचवटा असतो, तो यांत नसतो. शिवाय अनेक दशकांच्या गंजाने रिमची कड खडबडीत झालेली असते. तिथून हवा झिरपते आणि वळणावर टायर रिमवरून निसटण्याचा धोका राहतो. त्यामुळे मूळ रिम ठेवायची असेल तर ट्यूबच बरी. ट्यूब टायरच्याच आकाराची आणि रेडियल असेल तर रेडियलसाठीची घ्यावी. बसवण्यापूर्वी टायरच्या आतील कागदी स्टिकर काढावेत, रिमचा गंज घासावा. हे न केल्यास ट्यूब घासून वारंवार पंक्चर होते.

ट्यूब असताना कच्च्या वाटेवर हवा कमी करण्यालाही मर्यादा आहे. हलक्या जीपसाठी अनेक जाणकार १८-२० पीएसआयच्या खाली जाणे टाळतात. फार कमी हवेत जोर लावला की टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळासकट उपटला जातो. डांबरी रस्ता लागताच हवा पुन्हा भरावी.

युद्धकालीन जीपच्या मालकांनी आणखी एक खबरदारी घ्यायला हवी. तिच्या काही डिस्क दोन भागांच्या, नटांनी जोडलेल्या असतात. चाक गाडीला धरून ठेवणारे नट वेगळे आणि डिस्कचे दोन भाग जोडणारे नट वेगळे. हवा भरलेली असताना चुकून हे दुसरे नट सैल केले, तर डिस्कचे भाग स्फोटासारखे उडतात. पंक्चरवाल्याने अशी डिस्क पूर्वी पाहिलेली नसण्याचीच शक्यता जास्त. त्यामुळे आधी पूर्ण हवा सोडणे आणि मगच पाना लावणे, हे मालकाने स्वतः उभे राहून पाहावे.

नक्षी शाबूत असेल तर जुना टायर चालतो का?

हौसेच्या जीप वर्षाला फार धावत नाहीत. त्यामुळे त्यांचे टायर झिजून गोटा होण्याआधी म्हातारे होतात. ऊन आणि हवेमुळे रबर कडक होते, साइडवॉलवर बारीक भेगा पडतात. वरून खाचा खोल दिसत असल्या, तरी ओल्या रस्त्यावर असा टायर धरत नाही.

टायरचे वय साइडवॉलवरच लिहिलेले असते. लंबगोलातील चार आकडी संख्येचे पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर न वापरणे, असा अनेक टायर उत्पादकांचा सल्ला असतो. स्टेपनी एकदाही रस्त्याला लागली नसली, तरी तिलाही तो लागू होतो. जुन्या आकारांना गिऱ्हाईक कमी असल्याने दुकानातला ‘नवा’ टायरही काही वर्षे गोदामात पडलेला असू शकतो. बिल करण्यापूर्वी ही संख्या वाचणे म्हणूनच गरजेचे. रिमोल्ड केलेले टायर स्वस्त मिळतात, मात्र निदान पुढच्या चाकांना ते लावू नयेत.

नियम काय सांगतात?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चारचाकीच्या टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. देशात विकल्या जाणाऱ्या टायरना भारतीय मानक ब्युरोचे चिन्हही बंधनकारक आहे. जुने विशेष आकार परदेशातून मागवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदीचा असाच अर्थ लावला. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. मडगार्डाबाहेर आलेली चाके तिथे पहिल्यांदा नजरेत भरतात. अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही असा बदल अडचणीचा ठरू शकतो.

जीप ५० वर्षांहून जुनी असेल, तर आणखी एक वाट आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. अशा गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. नवीन नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे आणि त्यानंतरच्या नोंदणीसाठी ५ हजार रुपये. अट अशी, की वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे. चासी, बॉडी वा इंजिनात मोठे बदल नसावेत. रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी ते चालवता येत नाही. रुंद टायर बसावेत म्हणून मडगार्ड कापले किंवा चासीवर वेल्डिंग केले, तर ही वाट बंद होऊ शकते. टायर पुन्हा बदलता येतो. कापलेला मूळ पत्रा परत येत नाही.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

आधी डिस्क, मग टायर. डिस्कची रुंदी मोजावी, ती वाकडी किंवा गंजून पातळ झाली आहे का ते पाहावे. साडेचार इंची रिमवर ६.००-१६ निर्धास्त बसतो. ७.००-१६ घ्यायचा असेल तर त्याला किती रुंदीची रिम लागते, हे उत्पादकाच्या तक्त्यात पाहावे. त्यानंतर किंगपिन, व्हील बेअरिंग आणि ब्रेक तपासून घ्यावेत. ढिल्या किंगपिनवर नवे टायर टाकले, तर काही महिन्यांतच ते कडेने खाल्ले जातात आणि दोष टायरला दिला जातो.

एक टायर मागवून तो पुढच्या चाकाला लावावा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवावे, गाडीत चार माणसे बसवून पाटे दबलेले असतानाही फिरवावे. कुठेही घासत नसेल, तरच उरलेले चार घ्यावेत. जीप बरेच दिवस उभी राहणार असेल, तर ती ठोकळ्यांवर उचलून ठेवावी आणि टायर उन्हापासून झाकावेत.

या सगळ्यात मूळ आकाराचा टायर दुकानात लगेच मिळेलच असे नाही. मागणी नोंदवून काही आठवडे थांबावे लागू शकते. हाती असलेला, ‘यालाही बसतो’ म्हणून दाखवलेला मोठा टायर त्या दिवशी सोपा वाटतो. पण पहिल्याच पावसात, भरलेल्या जीपने घाट उतरताना ब्रेकवर पाय पडेल, तेव्हा ते काही आठवडे थांबणे सार्थकी लागलेले असेल.